पन्नास मिनिटांवरचं बाळंतपण

चौलाहून अलिबागला एसटीने जायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढ्याच वेळात मी समुद्र ओलांडून ऑकलंडला पोचायची. फुशारकी म्हणून सांगत नाहीये. उलट आता सांगताना माझी मलाच चीड येते. बारा हजार किलोमीटर! माझ्या सासूबाई उभ्या जन्मात पुण्याच्या पलीकडे गेल्या नाहीत, आणि मी फोनवरून लेकीला दटावत होते, "आलेच मी. तोवर पाण्यात हात घालू नकोस."

त्याचं असं झालं. रेवदंड्यासमोर भर समुद्रात तो तरंगता तळ बांधायला घेतला तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांनी रान उठवलं होतं. आवाजाने म्हशी आटतील, मासळी पळेल, कौलं निसटतील, काय काय. मग तळ बांधणाऱ्या कंपनीने तोंडं बंद करायची युक्ती काढली. आसपासच्या गावांतल्या प्रत्येक घराला एक पास. जागा रिकामी असेल तर बसा, हवं तिथे जाऊन या. झालं! सगळे गप्प. आमच्या आळीतला एक महाभाग सिंगापूरला जाऊन नुसते केस कापून आला. त्या वाहनाला कंपनीने कसलंसं भारदस्त संस्कृत नाव दिलं होतं. आम्ही आपलं म्हणायचो 'उडी'. आज उडीला गर्दी होती, उद्या उडी चुकली, असं.

एवढ्या लवकर कसं पोचतं हे मला जावयाने समजावलं. अद्वैत काळमेघ, अमरावतीचा, पुलांचा इंजिनीयर. दिवाळीत वाडीत बसलो होतो तेव्हा त्याने एक सुपारी उचलली आणि आधी ती विहिरीच्या पाण्यातून सरळ पुढे ढकलली. वीतभर गेली नि थांबली. मग दुसरी उचलून हवेत भिरकावली. ती थेट कुंपणापलीकडे.

"पाहा न आई," तो म्हणाला, "साधं विमान म्हणजे ती पाण्यातली सुपारी. पूर्ण वाटभर हवेला ढकलत जातं आणि हवा त्याला अडवते. उडी तसं करतच नाही. ती पहिल्या काही मिनिटांत हवा संपते तिथवर वर जाते. तिथे अडवायला कोणी नाही. इंजिन बंद. मग नुसतं पडत राहायचं, पण पुढे जायचा वेग इतका, की खाली येईस्तोवर समुद्र मागे गेलेला असतो. अंतर दुप्पट केलं तरी वेळ दुप्पट होत नाही. वर चढणं आणि खाली उतरणं, खरा वेळ त्यालाच."

"आणि मधे?"

"मधे तरंगायचं."

ते तरंगणं मी नंतर पुष्कळ भोगलं. पोटात कालवतं आणि समोरच्या बाईची वेणी उभी राहते. दुसऱ्या आठवड्यात तर मी त्यात चक्क लसूण सोलायला घेतला आणि सालं डब्यात शिरेनात म्हणून हवाईसुंदरीने मला झापलं.

ओवी, आमची एकुलती एक, ऑकलंडला माउंट रॉस्किल नावाच्या भागात राहायची. तिला दिवस गेले तेव्हा बाळंतपण माहेरी चौलालाच, असं आमचं ठरलं होतं. पण गरोदर बायकांना आणि तान्ह्या बाळांना उडीला बंदी. साध्या विमानांच्या फेऱ्या उडी आल्यापासून नावापुरत्या उरलेल्या, त्यात ओवीचं रक्तदाबाचं निघालं आणि डॉक्टरांनी प्रवासालाच नाही म्हटलं. मी जाऊन चार महिने राहावं, तर इकडे आमच्या ह्यांची बायपास झालेली. ह्यांना एकटं सोडलं तर हे पहिल्या दिवशी पापलेट तळून खातील, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. वाडीत शिंपण्याचं होतं, नारळ उतरवायचे होते. मग मीच म्हटलं, कशाला कुणाला सोडायचं? पास आहे ना! रोज जाईन, रोज येईन.

"रोज?" हे म्हणाले. "शीतल, डोकं फिरलंय का तुझं?"

"मुंबईला लोक रोज जातात की नाही नोकरीला? तेवढाच वेळ लागतो."

"लोक मुंबईला जातात तेव्हा सूर्य जागेवर असतो."

हे बोलायला लागले की असंच काहीतरी बोलतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

एप्रिलच्या शेवटी कैरव जन्मला आणि माझी पळापळ सुरू झाली. भल्या पहाटे उठून ह्यांची भाजी-पोळी झाकून ठेवायची, रेवदंड्याची बोट पकडायची, तळावरून उडी. तिकडे उतरावं तर भर दुपार. तिकडच्या आखातातल्या तळावर एक तरुण अधिकारी रोज माझ्या चपला उलट्या करून बघायचा, कारण त्यांच्या देशात परक्या मातीचा कणही चालत नाही. "गुड आफ्टरनून, मिसेस राऊत, पुन्हा तुम्ही?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. मग बोट, बस, आणि धावत लेकीच्या दारात.

तिथे गेले की आधी बाळाची अंघोळ. पाटावर बसून, पाय लांब करून, नडग्यांवर बाळ पालथं घालून. तेल चोळताना हा गडी माझ्या पायांवर अंग सैल सोडायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. खरं सांगते, त्या क्षणासाठी मी चंद्रावरही गेले असते. मग वावडिंग-ओव्याची धुरी. मग ओवीचं तेल-मालिश, आणि तिच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी. आमच्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला शेक देतात, त्याशिवाय कंबर आवळत नाही. ऑकलंडला मे महिन्यात चांगलीच थंडी पडते, त्यामुळे ओवीलाही ती शेगडी हवीहवीशी वाटायची. मातीची शेगडी त्या चपलावाल्याने पहिल्याच दिवशी जप्त केली, म्हणून लोखंडी नेली. कोळसा तिथे मिळतो, मांस भाजायला वापरतात ते.

अद्वैतने खूप का-कू केली. "आई, तुमच्या घरात कौलांतून हवा खेळते. ह्या घरांना दुहेरी काचा आहेत, फट नाही कुठे. निखाऱ्यातून एक वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तात जिथे प्राणवायू बसतो तिथे हा जाऊन बसतो आणि उठत नाही. माणूस झोपेतच जातो." छताला ह्या वायूचा इशारा देणारी एक डबी होती, पण ती धुरीच्या धुरानेही ठणाणा करायची आणि बाळ दचकून रडायचं, म्हणून त्यानेच ती काढून ठेवली होती. शेवटी असं ठरलं, की शेगडी पेटलेली असेतो खिडकी उघडी, आणि मी निघण्याआधी शेगडी मागच्या अंगणात. मी ते काटेकोर पाळत होते.

संध्याकाळचा स्वयंपाक करून, सूर्य मावळतीला टेकलेला बघून मी निघायची, आणि चौलाला उतरावं तर ऊन डोक्यावर चढतंय! दिवस संपवून आलेल्या बाईने परत दुपारचं जेवण रांधायचं. रोज मला दोन दुपारी आणि दोन संध्याकाळी. पहिले काही दिवस मला त्याची गंमत वाटली. मी मैत्रिणींना सांगायची, तुम्हाला एक दिवस मिळतो, मला दीड.

मग लहानसहान घोटाळे व्हायला लागले. आमटीत दोनदा मीठ. शिंपणं झालं म्हणून पंप बंद केला, तर झाडं कोरडी ठणठणीत. ते शिंपणं परवाचं होतं. एकदा कैरवला न्हाऊ घालून निजवलं आणि घटकाभराने पुन्हा पाणी काढायला लागले.

ओवी हसली. "आई, दुसऱ्यांदा अंघोळ? दिवाळी आहे का आज?"

मीही हसले, पण तांब्या खाली ठेवला. कारण मला अंघोळ आठवत होती, स्पष्ट आठवत होती, फक्त ती आजची का कालची ते कळत नव्हतं.

वारंवार उडीने जाणाऱ्यांची रेवदंड्याच्या जेट्टीवर दर महिन्याला तपासणी व्हायची. तिथे डॉक्टर टिपणीस नावाची पोरसवदा बाई होती. तिने मला सरळ विचारलं, "काल दुपारी काय जेवलात?"

"कुठल्या दुपारी?" मी म्हटलं.

ती हसली नाही. खुर्ची पुढे ओढून तिने मला समजावलं. शरीरात एक घड्याळ नसतं, पुष्कळ असतात. मेंदूचं मुख्य घड्याळ उजेडावर चालतं. पोटाचं जेवणावर. काळजाचं, यकृताचं आपापलं. एरवी सगळी एकमेकांना धरून असतात. लांबच्या प्रवासाने बिघडली तरी चार दिवसांत जुळतात. पण मी त्यांना जुळायला वेळच देत नव्हते. रोज सूर्य पुढे, रोज सूर्य मागे. आणि झोपेत मेंदू दिवसभराच्या आठवणी रचून ठेवतो ना, तेव्हा तो ह्याच घड्याळांच्या आधाराने त्यांच्यावर काळाचा शिक्का मारतो.

"घड्याळांचं एकमत नसेल तर शिक्का उमटत नाही," ती म्हणाली. "आठवण पक्की असते, पण तारीख नसते. मग मेंदू ती कुठेही चिकटवतो. तुमच्यासारखे आणखी प्रवासी आता सापडायला लागलेत."

"बरं होतं का?"

"होतं. एका जागी राहायचं. तीन-चार महिने डोक्यावर एकच आकाश. आठवणी जात नाहीत, हळूहळू आपापल्या जागी बसतात." मग तिने पेन खाली ठेवलं. "मावशी, तान्हं बाळ सांभाळताय ना तुम्ही? घरी सांगा हे. मी तुम्हाला अडवू शकत नाही, तसा नियम अजून झालेला नाही. पण सांगा."

मी मान डोलावली आणि कुणालाही सांगितलं नाही. का सांगू? सांगितलं असतं तर हे म्हणाले असते बस कर, आणि ओवीने बाळ माझ्या पायांवर दिलं नसतं. सव्वा महिना व्हायला थोडेच दिवस राहिले होते. मी मनाशी म्हटलं, शीतल, तेवढं रेट.

मग तो दिवस आला. मी परत आले, हे जेट्टीवर स्कूटर घेऊन उभे होते. ऊन मी म्हणत होतं. मी पिशवी पुढे केली तशी ह्यांनी माझं बोट धरलं.

"कसं आहे आता?"

"हो ना, बघा की," मी म्हटलं. "आत्ता निघताना शेगडी बाहेर नेली तेव्हा बसला चटका. वर पाऊस भुरभुरत होता, निखाऱ्यांवर थेंब पडून चर्र झालं आणि मी दचकले."

ह्यांनी बोट उन्हात धरून पाहिलं. "शीतल, हा चटका कालचा आहे."

"काहीतरीच! आत्ताचा आहे."

"अगं, काल मी कोरफड लावली याला. घरी आल्यावर. पायरीवर बसून."

मी बोटाकडे पाहिलं. फोड होता, पण ताजा टरारलेला नव्हता. बसला होता, सुरकुतला होता, कडेने कोरफडीचा वाळलेला पापुद्रा होता. म्हणजे पाऊस कालचा. शेगडी बाहेर नेली ती काल. आणि आज? मी डोळे मिटून आठवायला लागले. आज शेगडी पेटवली, हे आठवलं. आज खाटेखाली सरकवली, तेही आठवलं. पुढे काहीच नव्हतं.

"अहो, शेगडी आतच आहे," मी ओरडले.

ओवीला फोन लावला. बंद. बंदच असणार, बाळंतिणीने पडल्या पडल्या फोनमध्ये डोळे घालायचे नाहीत हा माझाच फतवा. अद्वैतला लावला. तो रोज ह्या वेळेस घरी असायचा, पण त्या दिवशी कामावर अडकला होता. मी काय बोलले मला माहीत नाही. "शेगडी" एवढा शब्द त्याला कळला आणि त्याने फोन कापला.

मी बोटीकडे धावले. तिकीट-खिडकीवरच्या माणसाला म्हटलं, मला आत्ताच्या आत्ता परत जायचंय. तो म्हणाला, पुढची उडी दोन तासांनी. मी त्याच्यावर नको नको ते बोलले. पन्नास मिनिटं, पन्नास मिनिटं म्हणून मी गावभर मिरवत होते ना? माझी लेक पन्नास मिनिटांवर गुदमरत होती आणि ती पन्नास मिनिटं काय चाटायची होती? आज पहिल्यांदा मला ते अंतर कळत होतं, सगळंच्या सगळं, बारा हजार किलोमीटर पाणी.

ह्यांनी मला धरून जेट्टीच्या कठड्यावर बसवलं. मी उठत होते, बसत होते, पुन्हा उठत होते. ह्यांचा एक हात स्वतःच्या छातीवर होता आणि मला एकाच वेळी दोन्हीकडची भीती वाटत होती. "देवा, मला ने," मी म्हणत होते, "त्यांना ठेव."

मग फोन वाजला.

"दोघं आहेत," अद्वैत म्हणाला. "आहेत, आई. श्वास चालू आहे."

त्याच्याकडे शेजारणीचा नंबर होता. सामोआ बेटांवरची बाई, सिना नाव. तिने बागेतलं फावडं घालून बेडरूमची काच फोडली आणि दोघांना ओढून अंगणात आणलं, मग बंब आणि रुग्णवाहिका आली. मी महिनाभर त्या बाईच्या कुंपणावरून धावत जात-येत होते. एकदाही थांबून नाव विचारलं नव्हतं.

पुढच्या उडीत जागाच मिळाली नाही, दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात पोचले. कैरव काचेच्या पेटीत, प्राणवायूवर, पण रडत होता. त्याचं रडणं ऐकून मी भिंतीला टेकले. ओवीचा चेहरा पांढराफटक होता. त्या दुपारचं तिला काहीच आठवत नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, ह्या वायूने तसं होतं, ते तास कायमचे पुसले जातात, परत येणार नाहीत.

"खिडकीही लावलेली होती," अद्वैत हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

"आई," ओवी म्हणाली, "बाबा म्हणत होते, तुला कालचं आणि आजचं कळेनासं झालंय. तुला हे आधीपासून माहीत होतं?"

मी मान खाली घातली. "डॉक्टरीण म्हणाली होती."

"आणि तू त्याला रोज न्हाऊ घालत होतीस."

"ओवी, मला वाटलं थोडेच दिवस..."

"आई, मला पाळीवर येणारी बाई नको होती गं." तिने चादर वर ओढली. "तू आलीस की माझं मन भरायच्या आत तुझी निघायची वेळ व्हायची. तुझं लक्ष सारखं घड्याळाकडे. मी झोपेचं सोंग घ्यायचे, तुला निघताना वाईट वाटू नये म्हणून. आता येऊ नकोस. बाबांकडे राहा. बरी हो."

मी बाळाच्या पेटीवर हात ठेवायला गेले. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. मी हात मागे घेतला.

पास मी कपाटात टाकून दिला. पावसाळाभर चौलाला राहिले. सुरुवातीला घरात नुसत्या येरझारा. पहाटे आपोआप जाग यायची आणि पाय दाराकडे वळायचे. हे चहा करून समोर ठेवायचे. हळूहळू झोप लागायला लागली. दिवसाला एकच दुपार. मग डॉक्टर टिपणीस म्हणाल्या होत्या तसं व्हायला लागलं. भाजी निवडताना, फुलं वेचताना एखादी आठवण यायची आणि आपसूक जागेवर जाऊन बसायची. हे बारशाच्या आदल्या दिवशीचं. हे ओवीला ताप होता तेव्हाचं.

एक आठवण मात्र मला आधीपासून होती. ओवी खाटेवर पडलीये, मी शेगडी काढायला वाकलेय आणि ती माझा हात धरून म्हणतेय, "राहू दे गं आई, आज नको उचलूस. अद्वैत आला की काढेल." ही आठवण मी सुरुवातीच्या दिवसांतली समजत होते. तिच्याकडे फारसं लक्षही दिलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी मी माजघरात वाती वळत बसले होते आणि ती आठवण पूर्ण आली. ओवीने माझा हात धरलाय. माझं बोट निरखतेय. बोटावर फोड आहे, वाळलेली कोरफड आहे. "काल केवढं भाजलंय तुला," ती म्हणतेय. "राहू दे. आज नको उचलूस." मी म्हणतेय, "अगं पण खिडकी..." आणि उठून खिडकी उघडतेय, पूर्ण उघडतेय. गार वारा येतो. ओवी कुडकुडून बाळाला पोटाशी ओढते. "जा तू, उडी चुकेल. मी लावते खिडकी जरा वेळाने, फार गार आहे." मी बरं म्हणते आणि धावत सुटते.

कोरफड होती बोटावर. म्हणजे चटक्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे त्याच दिवशी.

मी विसरले नव्हते.

मी ह्यांना हाक मारली. सगळं सांगितलं. हे आधी खुर्चीत बसले, मग उभे राहिले, मग सरळ फोन हातात घेतला.

"काय करताय?"

"ओवीला सांगतो. अडीच महिने तू रडून काढलेस, शीतल! पोरगी तुला वेडी ठरवून बसलीये. तिला कळू दे."

"ठेवा तो फोन."

"का? तुझी काय चूक?"

"मी बरं म्हटलं ही माझी चूक. शेगडी नेली ही माझी चूक. आणि तिची काय चूक? माझं बोट भाजलं म्हणून तिचा जीव कळवळला, ही?" मला रडू फुटलं. "अहो, तिला काही आठवत नाहीये. देवाने पुसलंय ते. मी जाऊन परत लिहू? रोज त्या पोराच्या तोंडाकडे बघून तिच्या मनात येईल, खिडकी मी लावली. जन्मभर येईल. मी म्हातारी होत चाललेय, माझ्या नावावर खपून जातं. तिच्या नावावर नाही खपायचं."

"आणि कैरव? तुला देणार नाही ती."

"नाही देणार," मी म्हटलं. "माझी शपथ आहे तुम्हाला."

ह्यांनी फोन खाली ठेवला आणि वाडीत निघून गेले.

नोव्हेंबरमध्ये ओवी आली, साध्या विमानाने, वाटेत सिंगापूरला थांबत, थकून भागून. कैरव टुणटुणीत होता. डॉक्टरांच्या सगळ्या तपासण्या करून झाल्या होत्या, पोराला कसलीही इजा नव्हती. मला पाहून आधी त्याने ओठ काढला, मग माझ्या नाकातली चमकी ओढायला लागला. मी त्याला घट्ट धरलं. ओवी हाताच्या अंतरावर उभी होती. दिवसभर ती तशीच हाताच्या अंतरावर होती. मी उठले की उठायची, मी बसले की बसायची. वाईट असं काहीच बोलली नाही. "आई, दे इकडे, तुला जड होईल," एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी न्हाणीघरात पाणी काढलं. कैरव आता पायांवर मावत नव्हता, घंगाळ्यात बसून थापट्या मारत होता. ओवी टॉवेल घेऊन दारात उभी. ह्यांनीही पडवीतून येऊन डोकावलं.

"तू जरा पड जा गं," मी म्हटलं. "प्रवासाने अंग आंबलं असेल. मी घालते न्हाऊ."

"नको, आहे मी इथे."

"अगं, घटकाभर..."

"आई, राहू दे ना," ती म्हणाली. मग तिलाच वाईट वाटलं असावं. ती खाली बसली, माझ्या पाठीवर हात ठेवला. "मी ते सगळं मनातून काढून टाकलंय, खरंच. तुझ्या हातून चुकून झालं. कुणाच्याही हातून होतं. तूही विसरून जा आता."

ह्यांनी दारातून तोंड उघडलं. "ओवी, त्या दिवशी..."

"अहो, शहाळं काढताय ना तिच्यासाठी?" मी म्हटलं आणि असे काही डोळे वटारले, की हे उंबऱ्यावर थांबले, तोंड मिटलं आणि कोयता शोधायला निघून गेले.

"काय म्हणत होते बाबा?"

"काही नाही. त्यांचं आपलं काहीतरी." मी तांब्या भरला, मनगटावर पाणी पाहिलं आणि कैरवच्या पाठीवर हळूच सोडलं. तो खिदळला. "विसरले गं, कधीच विसरले मी," मी म्हटलं.

"बरं झालं," ओवी म्हणाली, आणि टॉवेल छातीशी धरून तिथेच बसून राहिली.